मुचलिंद आणि ड्रॅगन : नागप्रतिमेचा एक पुनर्विचार

गेल्या वर्षावासाच्या समारोपास नांदेड परिसरातील एका विहारात मुलामुलींची चित्रकला स्पर्धा घेण्यात आली. विषय होता 'भगवान बुद्ध आणि मुचलिंद'. परीक्षक म्हणून आम्हांसही निमंत्रण होते. पुढ्यात आलेल्या चाळीसएक चित्रांपैकी निम्म्याहून अधिक चित्रांतील प्राणी नाग नव्हता, ड्रॅगन होता. त्याला वटवाघळासारखे पंख होते, पाठीवर काटे होते, नाकपुड्यांतून ज्वाळा निघत होत्या, आणि त्याच्या पोटाखाली तथागत कसेबसे बसलेले होते. उरलेल्या चित्रांपैकी बहुतेकांत दिनदर्शिकेवरील शेषशायी विष्णूचाच शेष घेऊन त्यावर विष्णूऐवजी बुद्ध बसविलेले होते. एका चित्रात मात्र सापच नव्हता. सातवीतील एका मुलीने पाऊस थांबून मोकळे झालेले आकाश, झाडाखाली बसलेले तथागत आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभा असलेला एक तरुण, एवढेच रंगविले होते. 'विषय समजलेला नाही' असा शेरा देऊन आम्ही परीक्षकांनी ते चित्र बाजूला ठेवले.

घरी परतल्यावर आम्ही विनयपिटकातील महावग्ग उघडला आणि ओशाळलो. ज्या ग्रंथाचे अध्यापन आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो, त्यातील कथेचा शेवट ऐन वेळी आम्हांस आठवला नव्हता. महावग्गाच्या क्रमानुसार संबोधीनंतरच्या तिसऱ्या सप्ताहात अवकाळी मेघ दाटून येतो, सात दिवस पाऊस आणि थंड वारा सुटतो, नागराज मुचलिंद तथागतांभोवती सात वेटोळी घालून वर आपला मोठा फणा धरतो. आकाश निवळल्यावर तो वेटोळी सोडतो, आपले रूप पालटून तरुण माणूस होतो आणि हात जोडून तथागतांसमोर उभा राहतो. त्या मुलीने कथेचा हा शेवट काढला होता. विषय समजला नव्हता तो परीक्षकांना.

या प्रसंगामुळे मनात जो विचार सुरू झाला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न केवळ मुलांच्या चित्रांचा नाही. नाग ही आपल्या समाजाच्या दृष्टीने नुसती कल्पनासृष्टीतील आकृती नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शब्दाशी आपला इतिहास जोडून दाखविला आहे. त्यामुळे नाग कसा रंगवावा, हा प्रश्न अखेरीस आपण स्वतःला कसे पाहतो या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

मारला जाणारा सर्प

महाकाय सर्पाला वीराने ठार मारल्याची कथा जगातील अनेक समाजांत आढळते. ऋग्वेदातील इंद्र वृत्राला मारतो, आणि या वृत्राला तेथे वारंवार 'अहि' म्हणजे सर्प म्हटले आहे. इराणी परंपरेतील अवेस्ता ग्रंथात तीन मुखांचा आणि सहा डोळ्यांचा 'अझि दहाक' येतो, आणि त्याचाही पाडाव एक वीर करतो. संस्कृत 'अहि' आणि अवेस्तन 'अझि' हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार होत. या अझि दहाकापासून फारसीत 'अजदहा' हा शब्द आला आणि उर्दूच्या द्वारे तो हैदराबाद संस्थानातील आपल्या मराठवाड्यापर्यंत पोहोचला. नांदेडमध्ये आजही उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला ड्रॅगनसाठी शब्द विचारला, तर तो अजदहा हाच शब्द सांगेल. ड्रॅगन म्हणून जे आपण परके समजतो, त्याचे एक नाव आपल्या गल्लीत कित्येक पिढ्या नांदत आले आहे.

युरोपातही हेच आढळते. जर्मानिक कथांतील फाफनिर हा सोन्याच्या राशीवर पसरलेला ड्रॅगन वीराच्या तलवारीने मरतो. तेराव्या शतकातील संतचरित्रांच्या एका संग्रहामुळे संत जॉर्जने ड्रॅगन मारल्याची कथा सर्व ख्रिस्ती जगात पसरली आणि असंख्य चित्रकारांनी ती रंगविली. घोड्यावर वीर, हातात भाला आणि टापांखाली वेदनेने पिळवटलेला प्राणी, अशी ही रचना शतकानुशतके कायम राहिली. १९३७ साली टोल्किन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीत स्माउग नावाचा धनलोभी ड्रॅगन आला आणि आजच्या अद्भुतरम्य चित्रकलेतील ड्रॅगनांवर त्याची मोठी छाया पडली. गुप्तधनावर बसलेला नाग आपल्या खेड्यापाड्यांतील गोष्टींतही आहेच.

भारतीय पुराणपरंपरेत हा सर्पसंहार अधिकच उघड आहे. महाभारतात खांडववन जाळले जाते तेव्हा तक्षकाच्या कुटुंबावर आकाश कोसळते, आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात तर संपूर्ण नागकुळच अग्नीत लोटण्याचा घाट घातला जातो. ते सत्र थांबविणारा आस्तिक हा नागकन्येचा पुत्र आहे, ही गोष्ट महाभारतकारांनी नोंदवून ठेवली आहे. कृष्णाच्या कथेत कालियाच्या फण्यांवर नाचणे हा उत्सवाचा विषय होतो.

या सर्व कथा पौराणिक म्हणून सोडून देणे सोपे होते. बाबासाहेबांनी त्या तशा सोडल्या नाहीत. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाग हे सर्प नसून एक मानवसमूह होता, असे त्यांनी साधार मांडले. वेदांतील 'दास' हा शब्द इंडो-इराणी 'दहाक' या शब्दाचे संस्कृत रूप असून दहाक हे नागांच्या राजाचे नाव होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या व्युत्पत्तीबद्दल भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तीन डोकी आणि सहा डोळे असलेल्या एका शत्रूस 'दास' म्हटले आहे, आणि अवेस्तातील दहाकाचे वर्णन नेमके तसेच आहे, हा योगायोग म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. व्युत्पत्ती मान्य होवो वा न होवो, बाबासाहेबांची दृष्टी मूलगामी आहे. जेथे ग्रंथकार राक्षसी सर्प दाखवितो तेथे त्या कातडीखाली कोणी माणसे तर नाहीत ना, असे विचारण्यास त्यांनी आम्हांस शिकविले. ज्याला मारावयाचे त्याला आधी पशू ठरविले जाते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात दीक्षेसाठी ते स्थान का निवडले हे सांगताना त्यांनी नाग लोकांचा झालेला छळ आणि बौद्ध धम्माच्या प्रसारातील त्यांचा वाटा यांचा उल्लेख केला, तो याच दृष्टीने.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. नावात नाग दिसला की ते स्थान पूर्वी बौद्धांचे होते असे ठरविण्याची घाई आपल्याकडील काही लेखनात दिसते. औंढा नागनाथ हे आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील प्रसिद्ध स्थान याच रीतीने पुष्कळदा उद्धृत होते. केवळ नावावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी शिलालेख, शिल्प किंवा उत्खननातील पुरावा हवा. बाबासाहेब पुराव्यावाचून बोलत नसत, आणि जेथे तर्क करीत तेथे तो तर्क आहे असे सांगत. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांची पद्धतही घेतली पाहिजे.

न मारलेला नाग

आता पालि वाङ्मयाकडे वळू. महावग्गातच उरुवेल कस्सपाची कथा आहे. जटिलांच्या अग्निशाळेत एक उग्र नाग राहतो. तथागत तेथे एक रात्र राहण्याची परवानगी मागतात. रात्री तो नाग संतापून धूर सोडतो, मग आग ओकतो. म्हणजे मुलांनी काढलेला आग ओकणारा प्राणी पालि तिपिटकास अगदीच अपरिचित आहे असे नाही. फक्त तो मुचलिंदाच्या कथेत नाही. सकाळी जटिलांना वाटते की हा श्रमण जळून गेला असेल. तथागत बाहेर येतात तेव्हा नाग त्यांच्या भिक्षापात्रात शांत पडलेला असतो, आणि त्याच्या कातडीस, मांसास वा हाडांस कोठेही इजा झालेली नसते, असे ग्रंथ आवर्जून सांगतो. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर ही अग्निशाळा आणि तिच्यातील पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. संत जॉर्जच्या भाल्याची जागा येथे भिक्षापात्राने घेतली आहे.

अंगुत्तरनिकायातील अहिराजसुत्तात सर्पदंशाने एक भिक्खू मरण पावल्याचे वृत्त तथागतांना कळते. सर्पांना विहारातून हाकलून द्या, असे ते सांगत नाहीत. सर्पराजांच्या चार कुळांकडे त्या भिक्खूने मैत्रीचित्त वळविले नव्हते, असे सांगून विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हगोतमक या कुळांविषयी मैत्री बाळगण्यास ते शिकवितात. चंपेय्य जातकात तर स्वतः बोधिसत्त्वच नागराज आहेत. ते वारुळावर उपोसथव्रत धारण करून पडलेले असताना एक गारुडी त्यांना पकडतो आणि वाराणसीच्या राजापुढे खेळवितो. एका फूत्काराने गारुड्यास भस्म करण्याची शक्ती असूनही शीलभंग होईल म्हणून बोधिसत्त्व ते करीत नाहीत. नागिणीच्या, म्हणजे पत्नी सुमनेच्या, विनवणीवरून राजा त्यांची सुटका करतो.

शब्दाचाच विचार केला तरी हे लक्षात येते. पालित 'नाग' म्हणजे सर्प, तसा हत्तीही. परंतु सुत्तनिपातातील सभियसुत्तात त्याचा तिसरा अर्थ दिलेला आहे. जो कोणतेही 'आगु' म्हणजे पाप करीत नाही तो नाग, अशी तेथे शब्दाची फोड करून तो शब्द मुक्त पुरुषास लावला आहे. ही फोड व्याकरणदृष्ट्या खरी नाही, हे विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो. पण तिच्यामागील हेतू पाहावा. इतरांनी भीतीचा शब्द केला होता, तो येथे सन्मानाचा झाला.

अजिंठ्याचा नागराज

या दृष्टीचे सर्वांत सुंदर दृश्यरूप आपल्याच मराठवाड्यात आहे. अजिंठा येथील सोळाव्या लेण्याकडे वाघोरा नदीच्या बाजूने जाणारा जिना हत्तींच्या शिल्पांजवळून वर चढतो आणि वाटेत आपल्या वेटोळ्यांवर बसलेला नागराज भेटतो. हे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात दान केले, आणि त्याच्या शिलालेखात नागेंद्राच्या निवासाचा उल्लेखही आहे. हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशीमचा. याच शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम ताम्रपटात 'नंदिकट' या प्रदेशाचे नाव येते, आणि नंदिकट म्हणजे आजचे नांदेड असे अभ्यासक मानतात. ज्या राजवंशाच्या छत्राखाली आपले नांदेड होते, त्याच राजवंशाच्या काळात हा नागराज घडला.

एकोणिसाव्या लेण्याच्या अंगणातील नागराज आणि नागराणी यांचे शिल्प तर जगप्रसिद्ध आहे. नागराज एक पाय दुमडून आणि दुसरा खाली सोडून निवांत बसला आहे. त्याच्या मस्तकामागे सात फण्यांचे छत्र आहे, राणीच्या मस्तकामागे एकच फणा आहे, बाजूस चवरी धरलेली सेविका उभी आहे. येथे शिल्पकाराने काय केले, हे नीट पाहावे. त्याने सर्प मस्तकामागे नेऊन ठेवला आणि पुढे माणूस आणला. फणा हे कुळाचे चिन्ह राहिले, मुकुटासारखे. चेहरा मात्र पूर्णपणे मानवी, शांत आणि प्रतिष्ठित. शेजारी पत्नी बसविल्यामुळे तो एकट्या अजस्र प्राण्याऐवजी घरसंसार असलेला पुरुष दिसतो. पहिल्या लेण्यातील चंपेय्य जातकाच्या चित्रांतही नागलोकाचे दरबार असेच मानवी आहेत, आणि दुसऱ्या लेण्यातील विधुरपंडित जातकाच्या चित्रात नागकन्या इरंदती झोपाळ्यावर बसलेली आहे.

संहारकथेने माणसाला सर्प केले होते. बौद्ध शिल्पकाराने सर्पाला पुन्हा माणूस केले. बाबासाहेबांनी विसाव्या शतकात इतिहासाच्या साधनांनी जे केले, ते पाचव्या शतकातील छिन्नीने दगडात करून ठेवले होते, असे आम्हांस वाटते. त्या शिल्पकारास बाबासाहेबांचा सिद्धांत ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्या धम्माच्या संस्कारात तो वाढला त्या धम्मानेच त्याचा हात असा वळविला.

पूर्वेचा ड्रॅगन आणि पडद्यावरील नागीण

चीनमध्ये बौद्ध ग्रंथांचे भाषांतर सुरू झाले तेव्हा 'नाग' या शब्दासाठी भाषांतरकारांनी चिनी ड्रॅगनचा 'लुंग' हा शब्द योजला. आचार्य नागार्जुनांचे चिनी नावही त्याच शब्दाने सुरू होते. चिनी ड्रॅगन हा मुळातच पाऊस आणि पाणी देणारा, म्हणून हे नाते सहज जुळले. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने संकाश्य येथील विहारात राहणाऱ्या अशाच एका ड्रॅगनविषयी लिहिले आहे. तो वेळेवर पाऊस पाडतो, भिक्खू त्याला राहण्यास जागा आणि अन्न देतात, आणि वर्षावास संपल्यावर तो लहानशा सापाच्या रूपाने सर्वांना दिसतो, असे ते वर्णन आहे. भूतानचे लोक तर आपल्या देशास 'द्रुक युल', म्हणजे गर्जणाऱ्या ड्रॅगनचा देश, म्हणतात, आणि ते नाव तेथील बौद्ध संप्रदायाशी निगडित आहे.

म्हणून मुलांनी ड्रॅगन काढला याचे आम्हांस दुःख नाही. त्यांनी युरोपचा ड्रॅगन काढला, जो केवळ मारला जाण्यासाठी जन्मास येतो, याचे दुःख आहे. आजचे अद्भुतरम्य चित्र, संगणकावरील खेळ आणि चित्रपट यांत त्याचेच राज्य आहे. हॅरी पॉटरच्या कथेतील खलपुरुषाच्या विषारी सापिणीचे नाव 'नागिनी' आहे. आपला शब्द तेथे गेला तो दुष्टतेची खूण म्हणून. हिंदी पडद्यावर १९७६ चा 'नागिन', १९८६ चा 'नगीना' आणि २०१५ पासूनची 'नागिन' ही मालिका यांनी इच्छाधारी नागीण घरोघरी नेली. रूप पालटणारा नाग पालि वाङ्मयातही आहे. तेथे तो उपोसथ पाळण्यासाठी किंवा धम्म ऐकण्यासाठी माणूस होतो. या पडद्यावर तो बहुधा सूड घेण्यासाठी होतो. उलट, २०२१ साली आलेल्या 'राया अँड द लास्ट ड्रॅगन' या बालचित्रपटाने आग्नेय आशियातील नागकल्पनेपासून स्फूर्ती घेऊन पाणी देणारा आणि विश्वास जोडणारा ड्रॅगन दाखविला. तेव्हा दुसरी वाट आजच्या कलेलाही अशक्य नाही.

आपल्या विहारांतील भिंतींविषयीही बोलले पाहिजे. कंबोडिया आणि थायलंड येथील मूर्तिकलेत मुचलिंदाची वेटोळी तथागतांचे आसन झाली आणि एका फण्याचे सात फणे झाले. त्या देशांत त्या मूर्तीस स्वतंत्र अर्थ आणि सौंदर्य आहे. पण आपल्याकडे तीच रचना स्थानिक चित्रकाराच्या हाती येते तेव्हा तो शेषशायी विष्णूचा नमुना समोर ठेवतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात अवतारकल्पना मागील दाराने शिरते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मत स्पष्टपणे नाकारलेले असताना भिंतीवरील रंगाने ते परत येऊ द्यावे काय? महावग्गात वेटोळी बुद्धांच्या भोवती आहेत, खाली नाहीत. तो तपशील बारीक असला तरी अर्थ बदलणारा आहे. भोवतीची वेटोळी म्हणजे थंडीवाऱ्यापासून दिलेला आडोसा. खालची वेटोळी म्हणजे दास्य.

एक कठीण उतारा

येथवर लिहिले ते सर्व आपल्या मनास रुचणारे आहे. परंतु नागांविषयीचा एक उतारा विनयातच असा आहे की त्याविषयी आपले लेखक सहसा मौन पाळतात. त्यास सामोरे गेल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही.

एका नागास आपल्या नागयोनीची लाज आणि शिसारी वाटत होती. या योनीतून सुटून लवकर मनुष्यत्व कसे मिळेल, या विवंचनेत तो तरुणाचे रूप घेऊन भिक्खूंकडे आला आणि त्याला प्रव्रज्या व उपसंपदा मिळाली. पहाटे सोबतचा भिक्खू बाहेर चंक्रमण करीत असताना हा निर्धास्तपणे झोपला, आणि झोपेत त्याचे मूळ रूप उघड झाले. सर्व कुटी सापाने भरून गेली, खिडक्यांतून वेटोळी बाहेर आली. भिक्खू किंचाळला. तथागतांनी त्या नागास बोलावून सांगितले की या धम्मविनयात नागांची वाढ होऊ शकत नाही. त्याने परत जावे आणि चतुर्दशी, पंचदशी व अष्टमी या दिवशी उपोसथ पाळावा, म्हणजे त्याला लवकर मनुष्यत्व मिळेल. तो रडत, आक्रोश करीत निघून गेला. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी 'तू मनुष्य आहेस काय' असा प्रश्न विचारला जातो.

हा उतारा वाचताना आमचा आवाज वर्गात प्रत्येक वेळी अडखळतो. शहरात भाड्याची खोली घेताना ज्याने आडनाव लपविले आहे, झोपेतही सावध राहण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याला त्या नागाची झोप परकी वाटणार नाही. आणि नाग म्हणजे आपले पूर्वज असे एकीकडे म्हणावयाचे, तर दुसरीकडे त्याच नागास तिर्यक योनीतील म्हणून संघातून परत पाठविले, हे कसे मान्य करावयाचे? मुचलिंद आला की तो आपला, हा नाग आला की ती नुसती गोष्ट, अशी सोयीची विभागणी प्रामाणिक अभ्यासकास करता येणार नाही.

आमचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. पहिली गोष्ट, बाबासाहेबांचे नाग हा ऐतिहासिक मानवसमूह आहे, आणि विनयातील नाग ही प्राचीन भारतीय लोककल्पनेतील अमानवी योनी आहे. एकाच शब्दाचे हे दोन वापर होत. मुचलिंदाच्या बाबतीतही आपण हा भेद पाळला पाहिजे. मुचलिंद आपला पूर्वज म्हणून नव्हे, तर बौद्ध परंपरा परक्याकडे आणि भयंकराकडे कसे पाहते याचा नमुना म्हणून आपल्याला मोलाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उपसंपदेच्या वेळी जे प्रश्न विचारले जातात ते एकदा ओळीने वाचावेत. अमुक पाच रोग नाहीत ना, तू मनुष्य आहेस काय, पुरुष आहेस काय, स्वतंत्र आहेस काय, ऋणमुक्त आहेस काय, राजसेवेत नाहीस ना, आईवडिलांची अनुमती आहे काय, वीस वर्षे पूर्ण झाली आहेत काय, पात्र व चीवर आहे काय, नाव काय, उपाध्याय कोण. या यादीत वर्ण कोणता हा प्रश्न नाही. जात, कुळ, गोत्र, व्यवसाय यांपैकी काही विचारलेले नाही. जन्माविषयीचा एकच प्रश्न तेथे आहे, तो म्हणजे मनुष्य आहेस काय. आणि त्याला 'होय' हे उत्तर मिळाले की जन्माची चौकशी तेथेच संपते. म्हणून न्हावी उपाली भिक्खू झाला आणि त्याच्यानंतर दीक्षा घेणाऱ्या शाक्य राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. म्हणून फुलांचा कचरा झाडणारा सुनीत भिक्खू झाला. ज्या समाजात माणसालाच माणूस म्हणून मोजत नव्हते, त्या समाजात या प्रश्नाचा अर्थ किती मोठा होता हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

थायलंड आणि कंबोडिया येथे उपसंपदा घेण्यास निघालेल्या तरुणास आजही 'नाग' म्हणतात. परत पाठविलेल्या त्या नागाची आठवण म्हणून हे नाव आहे, असे तेथील लोक सांगतात. म्हणजे तेथे प्रत्येक भिक्खू आधी नाग असतो. मग त्याला विचारले जाते, तू मनुष्य आहेस काय, आणि तो होय म्हणतो. रडत गेलेल्या नागाला त्या लोकांनी अशा रीतीने दर वर्षी पुन्हा दारात उभे केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लाखो स्त्रीपुरुषांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर एका मुखाने दिले गेले, असे आम्ही मानतो.

विहारांसाठी काही सूचना

या विवेचनातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, विहारात मुचलिंदाचे चित्र काढावयाचे असल्यास त्याचे दोन्ही प्रसंग काढावेत: पावसात फणा धरलेला नाग, आणि आकाश निवळल्यावर हात जोडून उभा असलेला तरुण. चित्रकारास शेषशायीचे चित्र देण्याऐवजी अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यातील नागराजाचे छायाचित्र द्यावे. दोन, धम्मवर्गातील मुलांना ड्रॅगन काढू द्यावा, पण त्यांना उरुवेलच्या अग्निशाळेची गोष्ट सांगावी. आग ओकणाऱ्या प्राण्यास न मारताही कथा संपू शकते, हे त्यांना कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. अहिराजसुत्तावर आधारलेले खंधपरित्त आपण विहारात म्हणतो. ते मैत्रीभावनेचे शिक्षण आहे, विष उतरविण्याचा मंत्र नव्हे. आपल्या भागात पेरणी-काढणीच्या दिवसांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने शेतमजुरांचे, म्हणजे बहुतांशी आपल्याच माणसांचे, प्राण जातात. अशा वेळी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ परत येत नाही. सर्पदंश झालेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. खुद्द विनयातही सर्पदंशावर मंत्र सांगितलेला नाही, तर त्या काळी उपलब्ध असलेली औषधयोजना सांगितलेली आहे. आजची औषधयोजना म्हणजे रुग्णालय आणि प्रतिविष. नागपंचमीस सापाला दूध पाजणे हीही त्याच्यावर कृपा नाही. साप दूध पिणारा प्राणी नव्हे, आणि गारुड्याच्या टोपलीत उपाशी ठेवलेला नाग पाहून चंपेय्य जातक वाचणाऱ्याने तरी हात जोडू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे निषिद्ध केलेच आहे.

आमच्या हातून झालेली चूक दुरुस्त करणेही उरले आहे. सातवीतील त्या मुलीचे चित्र परत मागवून घ्यावे, त्यावरील आमचा शेरा खोडावा, आणि मुचलिंदाची कथा खाली लिहून ते विहाराच्या दर्शनी भिंतीवर लावावे, अशी लेखी विनंती आम्ही त्या विहाराच्या समितीस केली आहे. तिच्या चित्रात साप का नाही, असे कोणी विचारल्यास त्याने महावग्ग वाचावा.